लेख माझा, प्रतिक्रिया कोणाच्या? स्वतःच्या डोमेनवरच्या वर्डप्रेसचा अनुभव

कोकणातल्या भाताच्या जुन्या वाणांवर मी बरीच वर्षं लिहिते आहे. पटणी, सोरटी, मुणगा, पेजेचा लाल वालय. गेल्या भातकापणीच्या सुमाराला हे सगळं लिखाण फुकटच्या जागेवरून उचललं आणि स्वतःचं डोमेन (साइटचा पत्ता) घेऊन, भाड्याच्या होस्टिंगवर (साइट ठेवायच्या जागेवर), वर्डप्रेस या ब्लॉग चालवायच्या सॉफ्टवेअरमध्ये आणून ठेवलं. आता यंदाची लावणी आटोपली आहे. एवढ्या वापरानंतर खात्रीने बोलता येईल असं बरंच काही हाती आहे. ब्लॉग लिहिणाऱ्या मैत्रिणी-मित्रांपैकी अनेकजण 'असं स्वतःच्या जागेत जावं का?' असं विचारतात, म्हणून सविस्तर लिहिते.

आधी एक खुलासा. वर्डप्रेस दोन प्रकारे मिळतं. वर्डप्रेस डॉट कॉम ही ऑटोमॅटिक कंपनीची सेवा आहे, तिथे जागा त्यांची. वर्डप्रेस डॉट ऑर्गवरून मिळतं ते नुसतं सॉफ्टवेअर. ते मुक्त परवान्याचं आहे, आणि २००३ मध्ये मॅट मलनवेग आणि माइक लिटल यांनी ते एका जुन्या ब्लॉग-सॉफ्टवेअरवरून पुढे नेलं. मी बोलते आहे ते या दुसऱ्याबद्दल.

एवढा खटाटोप कशासाठी, असं घरीही विचारलं गेलं. कारण साधं आहे. फुकटची जागा बंद होते तेव्हा लिखाण कसंबसं वाचवता येतं, त्याखालची चर्चा वाचत नाही. जिओसिटीज २००९ मध्ये बंद झालं, ऑर्कुट २०१४ मध्ये. माझ्या मनात सर्वात खोल रुतलेलं उदाहरण २०१९ चं आहे. गूगलच्या ब्लॉगर या फुकटच्या ब्लॉगसेवेवर २०१३ पासून गूगल प्लसच्या प्रतिक्रिया जोडायची सोय होती आणि अनेकांनी ती हौसेने घेतली. गूगल प्लस गुंडाळलं गेलं तेव्हा त्या प्रतिक्रियाही पुसल्या गेल्या. लेख जागच्या जागी राहिले, त्यांच्याखाली वाचकांनी लिहिलेलं गेलं. वाणांसारख्या विषयात हे नुकसान फार मोठं आहे. लेखात मी एक वाण सांगते, आणि खाली कणकवलीकडचे एक निवृत्त कृषी सहायक सांगतात की आमच्या वाडीत याच भाताला वेगळं नाव आहे आणि तो खाजणात (खाडीलगतच्या खारट जमिनीत) नाही, भरडावर (उंचावरच्या हलक्या जमिनीवर) लावतात. ही माहिती दुसरीकडे कुठेच लिहिलेली नसते.

स्थलांतराबद्दल. ब्लॉगरचा बॅकअप एका फाइलमध्ये उतरतो आणि वर्डप्रेसचं इम्पोर्टर त्यातून लेख आणि प्रतिक्रिया दोन्ही उचलतं, तारखांसकट आणि प्रतिक्रिया लिहिणाऱ्याच्या नावासकट. हे इतकं नीट होईल असं मला वाटलं नव्हतं. फोटोंचं मात्र तपासून घ्या. लेखात फोटो दिसतात, पण त्यांचा पत्ता अजून जुन्या जागेचाच असू शकतो. ते उतरवून स्वतःच्या जागेत आणले नाहीत, तर घर बदलूनही अर्धं सामान जुन्या मालकाकडेच राहतं. बाहेरच्या प्रतिक्रिया-यंत्रणा जोडलेल्या असतील तर त्यांचा निर्यातीचा मार्ग वेगळा शोधावा लागतो. फेसबुकवर लेखाची लिंक टाकल्यावर तिथे झालेली चर्चा कुठल्याच बॅकअपमधून लेखाखाली येत नाही. ती तिथली झाली.

देवनागरीत लिहिणाऱ्यांसाठी एक महत्त्वाची गोष्ट. लेखाच्या पत्त्याला वर्डप्रेसमध्ये २०० अक्षरांची मर्यादा आहे. इंग्रजी शीर्षकाला ती भरपूर झाली. पण देवनागरीतलं प्रत्येक चिन्ह, काना-मात्रासुद्धा, पत्त्यात जाताना टक्क्याच्या खुणांसह नऊ अक्षरांचं होतं. म्हणजे साधारण बावीस चिन्हांतच पत्ता संपतो आणि लांब शीर्षक मध्येच तुटतं. शिवाय अशी लिंक व्हॉट्सॲपवर पाठवली की टक्के आणि आकड्यांची भलीमोठी ओळ दिसते आणि वयस्कर वाचक ती उघडायलाच घाबरतात. प्रत्येक लेखाचा पत्ता हाताने छोटा करणं हाच उपाय आहे. मी रोमन लिपीत दोन-तीन शब्द देते. मनाला थोडं लागतं, पण लिंक उघडली जाणं जास्त गरजेचं आहे.

संपादकाबद्दल, म्हणजे लेख लिहायच्या एडिटरबद्दल, फार बोलण्यासारखं नाही. २०१८ च्या शेवटी आलेला ठोकळ्यांचा संपादक सवयीचा होतो. नाहीच झाला, तर जुना संपादक प्लगिन (वरून जोडायची सोय) म्हणून मिळतो.

आता प्रतिक्रिया. या सगळ्या व्यवस्थेचा खरा कस इथे लागतो. कोणाची प्रतिक्रिया आधी वाचून मग सोडायची, कोणाची थेट छापायची, जुन्या लेखांवरची चर्चा किती दिवसांनी बंद करायची, हे सगळं डिस्कशन सेटिंग्जमध्ये ठरवता येतं. ज्याची एक प्रतिक्रिया पूर्वी मंजूर झाली आहे त्याची पुढची थेट दिसते, ही मुळातली रचना मला सर्वात योग्य वाटते आणि मी तीच ठेवली आहे. दोन किंवा जास्त लिंक असलेली प्रतिक्रिया आपोआप थांबते. जाहिरातींचा बराच कचरा एवढ्यानेच अडतो, उरलेला अकिस्मेट हे कचरा-प्रतिक्रिया ओळखणारं प्लगिन गाळतं. मात्र अकिस्मेटच्या गाळात रोज डोकवा. रोमन लिपीत मराठी लिहिणारे खरे वाचक मला तिथे सापडले आहेत. 'khup chhan' असं लिहिणाऱ्याला गप्प करून आपला ब्लॉग शुद्ध होत नाही.

नको असलेल्या शब्दांची यादी देता येते, पण ती शब्दाच्या पोटातही शोधते. त्या यादीत 'साला' घातलात तर 'मसाला' लिहिणारी प्रत्येक प्रतिक्रिया अडकेल, आणि 'सालाबादप्रमाणे' म्हणणारे आजोबाही. स्वयंपाक, शेती, सणवार यांवर लिहिणाऱ्यांनी ही यादी जवळपास रिकामीच ठेवावी आणि डोळ्यांनी वाचावं.

मला सर्वात जास्त विचार करायला लावलं ते एका वेगळ्याच सोयीने. वर्डप्रेसमध्ये ब्लॉगचा मालक कोणाच्याही प्रतिक्रियेतला मजकूर बदलू शकतो, आणि बदलल्याची कुठलीही खूण वाचकाला दिसत नाही. ज्याने लिहिलं त्याला मात्र स्वतःची प्रतिक्रिया नंतर दुरुस्त करता येत नाही, त्यासाठी वेगळं प्लगिन लागतं. किती उलटं आहे हे! लेख माझा आहे, त्याची काटछाट मी करेन. पण प्रतिक्रिया ज्याने लिहिली त्याची आहे. कॉपीराइटही त्याचाच. ती माझ्या जागेत उभी आहे म्हणून तिच्यातला 'नाही' काढून टाकायचा अधिकार मला मिळत नाही, सॉफ्टवेअर कितीही देत असलं तरी. स्वतःच्या मजकुरावर हक्क सांगणारे आम्ही ब्लॉगर या दुसऱ्या बाजूबद्दल फारसं बोलत नाही, आणि मला ते खटकतं.

म्हणून मी माझे नियम प्रतिक्रियेच्या चौकटीच्या वरच लिहून ठेवले आहेत. शुद्धलेखनसुद्धा सुधारणार नाही. कोणी फोन नंबर किंवा घरचा पत्ता टाकला तर तेवढाच झाकेन आणि तिथे तसं लिहीन. प्रतिक्रिया काढली तर काढल्याची ओळ ठेवेन. लिहिणाऱ्याने काढायला सांगितली तर कारण न विचारता काढेन. लेखातली चूक वाचकाने दाखवली, तर लेख गुपचूप न बदलता खाली तारीख घालून दुरुस्ती देईन. नाहीतर चूक दाखवणाऱ्याची प्रतिक्रिया निरर्थक दिसू लागते. हे नियम लावल्यापासून वादाच्या लेखांखालीसुद्धा लोक जास्त मोकळं लिहितात. संकरित बियाण्यावरच्या लेखाखाली दोन शेतकरी महिनाभर एकमेकांशी भांडत होते, आणि त्यातून उताऱ्याचा, पेंढ्याचा, भात आडवा पडण्याचा जो तपशील आला तो माझ्या लेखापेक्षा मोलाचा आहे. तो आज जागेवर आहे, तारखेनिशी.

प्रतिक्रिया देणाऱ्याचा ईमेल आणि आयपी पत्ता वर्डप्रेस साठवून ठेवतं हेही ध्यानात असू द्या. एखाद्या व्यक्तीची साठवलेली माहिती तिला उतरवून देण्याची किंवा पुसण्याची साधनं २०१८ पासून त्यातच आहेत. ती शिकून घ्या.

जबाबदारीचाही विचार हवा. ऑर्कुटवर एका राजकीय पक्षाविरुद्ध गट काढणाऱ्या केरळमधल्या एका विद्यार्थ्यावर, त्या गटात इतरांनी लिहिलेल्या मजकुरावरून, ठाण्यात गुन्हा दाखल झाला होता. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते प्रकरण रद्द करायला नकार दिला. पुढे २०१५ मध्ये माहिती तंत्रज्ञान कायद्यातलं, ऑनलाइन आक्षेपार्ह मजकुराला शिक्षा देणारं ६६अ कलम त्याच न्यायालयाने घटनाबाह्य ठरवलं. त्या खटल्यामागे पालघरच्या दोन मुलींना फेसबुकवरच्या मजकुरासाठी झालेली अटक होती. कलम गेलं, पण आपल्या पानावर इतरांनी लिहिलेलं वाचत राहणं यजमानाला चुकत नाही. ज्याला रोज अर्धा तास देता येणार नाही, त्याने प्रतिक्रिया बंद ठेवणं जास्त प्रामाणिक आहे.

चोरीबद्दल बोलल्याशिवाय हा अनुभव पुरा होणार नाही. मराठी ब्लॉग लिहिणाऱ्या प्रत्येकाचं हे दुखणं आहे. लेख उचलायचा, खालचं नाव उडवायचं आणि ढकलपत्र (फॉरवर्ड) म्हणून सोडून द्यायचं. वालयच्या पेजेवरचा माझा लेख मलाच तीन वेगवेगळ्या गटांतून आला, एकदा चक्क एका डॉक्टरांच्या नावाने. स्वतःच्या डोमेनमुळे हे थांबत नाही. बदललं ते एवढंच, की लेख आधी कुठे आला हे दाखवणं सोपं झालं. प्रत्येक लेख प्रसिद्ध केल्यावर मी त्याची प्रत इंटरनेट अर्काइव्हच्या वेबॅक मशीनमध्येही जतन करते. तिथली तारीख मी लिहिलेली नसते, त्यामुळे ती पुरावा म्हणून जास्त चालते.

कायदा आपल्या बाजूने आहे, हे फार थोड्यांना माहीत असतं. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या ५७ व्या कलमाने लेखकाला दोन गोष्टी दिल्या आहेत. हे माझं आहे असं म्हणण्याचा हक्क, आणि कोणी ते विकृत करून नावलौकिकाला बाधा आणली तर अडवण्याचा हक्क. हक्क विकले तरी हे दोन उरतात. २०१३ च्या नियमांप्रमाणे रीतसर लेखी तक्रार आली, तर मजकूर साठवणाऱ्या सेवेने ३६ तासांत तो बंद करायचा असतो. मात्र २१ दिवसांत न्यायालयाचा आदेश नेऊन दिला नाही, तर तो पुन्हा खुला होऊ शकतो. एका समाजमाध्यमावरच्या पानाविरुद्ध मी मूळ लिंक आणि तारखेसह तक्रार केली आणि चोरलेला लेख उतरला. व्हॉट्सॲपच्या खाजगी गटांत अशी तक्रार करायला हाती पत्ताच नसतो. तिथे मी नम्रपणे मूळ लिंक टाकते. निम्मे लोक ती पुढे पाठवतात, हे सांगायला मला आनंद वाटतो.

राइट-क्लिक बंद करणारी प्लगिन्स कृपा करून लावू नका. चोराला ती दोन मिनिटं अडवतात. प्रामाणिक वाचकाला मात्र एखादा शब्द निवडून शोधता येत नाही, चार ओळी नावासकट उद्धृत करता येत नाहीत. एआयसाठी मजकूर गोळा करणाऱ्या यंत्रांना रोबोट्स फाइलमध्ये, म्हणजे साइटवर अशा यंत्रांसाठी सूचना ठेवायच्या फाइलमध्ये, मनाई लिहिता येते. ओपनएआयने आपल्या यंत्राचं नाव ऑगस्ट २०२३ मध्ये जाहीर केल्यापासून हा मार्ग आहे. पण ती विनंतीच आहे, पाळणाऱ्यावर अवलंबून. मी लिहिली आहे.

मग बाहेर चालणारी चर्चा? तिच्यावर ताबा नाही, आणि नसावाही. लोक जिथे जमतात तिथे बोलणार. मी लेखाची लिंक सगळीकडे देते, मजकूर फक्त माझ्या जागेत ठेवते. गटात कोणी खरोखर मोलाचं लिहिलं तर त्यांना विचारते, 'काकू, हे तुमच्या नावाने लेखाखाली टाकाल का?' टंकायचा कंटाळा असेल तर त्यांच्या परवानगीने मी टाकते, कुठून आलं ते लिहून. खाऱ्या जमिनीतल्या मुणग्याबद्दलची सगळ्यात चांगली नोंद अशीच आली. दुसऱ्याच्या साइटवर झालेला उल्लेख आपल्याकडे आपोआप कळवणारं वेबमेन्शन हे मानक डब्ल्यूथ्रीसी या वेबची मानकं ठरवणाऱ्या संस्थेने २०१७ मध्ये मान्य केलं आहे. माझ्याकडे ते बसवलेलं आहे, पण माझ्या ओळखीच्या मराठी ब्लॉगांवर ते कुणीच वापरत नसल्याने तूर्त शांतता आहे. चार जणांनी बसवलं तरी चित्र बदलेल.

खर्च आणि कटकट. डोमेन आणि होस्टिंग मिळून वर्षाला काही हजार रुपये धरा. पहिल्या वर्षाचा दर पाहून फसू नका, नूतनीकरणाचा दर विचारा. मी आधी घेतलेल्या होस्टिंगवरून प्रतिक्रिया आल्याचे ईमेल पोहोचायचे नाहीत आणि मदतीला कोणी उत्तर देत नव्हतं. जागा बदलली. सगळं सामान स्वतःच्या हातात होतं म्हणून दोन संध्याकाळी ते झालं, आणि वाचकांना पत्ता तोच दिसत राहिला. डोमेन होस्टिंगवाल्याच्या नव्हे, तुमच्याच नावावर आणि तुमच्याच ईमेलवर नोंदवा. अद्ययावत आवृत्त्या वेळच्या वेळी घ्या, प्लगिन्स मोजकी ठेवा.

कॉपीराइट लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं टिकतो. डोमेन एका वेळी जास्तीत जास्त दहा वर्षांसाठी नोंदवता येतं, आणि बिल चुकलं की लेखांसकट प्रतिक्रियाही दिसेनाशा होतात. वाचकांनी विश्वासाने लिहिलेलं माझ्यामुळे जाऊ नये, म्हणून भाचीला दुसरी प्रशासक केलं आहे. पूर्ण साइटची प्रत प्रतिक्रियांसह दर महिन्याला उतरते, एक माझ्या हार्ड डिस्कवर आणि एक तिच्या पुण्याच्या घरी. नूतनीकरणाचे ईमेल आता आम्हा दोघींनाही येतात.