वाढदिवसाच्या खोलीत ‘हॅलोविन’

कोथरूडमध्ये तासांवर भाड्याने मिळणारं एक छोटं खाजगी थिएटर आहे. तीन तासांचे पंधराशे, चौघांना पुरेल असा सोफा, भिंतभर पडदा. धंदा मुळात वाढदिवसांचा, त्यामुळे फुगे आणि ‘हॅपी बर्थडे’ची दिव्यांची पाटी पॅकेजातच येते. फुगे नकोत म्हटलं तर पैसे कमी होत नाहीत, विचारून झालं. त्या फुग्यांखाली बसून आम्ही लावला जॉन कारपेंटरचा १९७८चा भयपट ‘हॅलोविन’.

आवाजाला पैकीच्या पैकी. हा सिनेमा निम्मा कानांनीच बघायचा असतो. संगीत चढवण्याआधी तो एका स्टुडिओतल्या बाईंना दाखवला, तर त्यांना मुळीच भीती वाटली नव्हती, असं कारपेंटरनेच सांगितलंय. मग त्याने स्वतः संगीत केलं. त्या पियानोच्या धूनला पाचाचा ताल आहे, ठेका धरायला जावं तर पाय चुकतो. घरच्या टीव्हीवर ती नुसती टिणटिणते, इथे खर्जातली घरघर सोफ्यातून पाठीला लागते. “मावशी, जुना पिक्चर आहे, मी झोपतो,” म्हणणारा भाचा पाय वर घेऊन बसला होता.

अंधाराला मात्र काठावर पास. नायिका लॉरी दाराशी रडत असते आणि मागच्या काळोखातून पांढरा मुखवटा हळूहळू उमटतो, ती या सिनेमातली सगळ्यात भारी जागा. मुखवटा दुकानातून आणलेला, ‘स्टार ट्रेक’च्या कॅप्टन कर्कचा; भुवया काढून, डोळ्यांची भोकं मोठी करून पांढरा फवारलेला. पैसेच नव्हते ना! आमच्याकडे छतावरच्या गुलाबी एलईडी पट्टीमुळे मुखवट्यातला खुनी मायकेल मायर्स पावडर थापलेल्या नवरदेवासारखा दिसला. पट्टीचं बटण बाहेर काउंटरवर. फोन केल्यावर तिथल्या दादांनी लगेच बंद केली, पण तोवर ती जागा निघून गेली होती. मागे नेऊन पाहिलेली भीती कसली!

इथे ‘सायको’ बेधडक लावा. कृष्णधवल आहे, आणि शॉवरमधलं रक्त म्हणजे चॉकलेट सिरप, हे माहीत असूनही पोटात गोळा येतो. ‘तुंबाड’ नको, वाड्यातला तो काळोख या प्रोजेक्टरला झेपणार नाही. ‘अ क्वाएट प्लेस’ तर अजिबात नको. पडद्यावर सगळे श्वास रोखून बसलेले आणि शेजारच्या खोलीत केक कापला म्हणून टाळ्या.

जायचं तर आठवड्यातल्या दुपारी जा, शनिवार-रविवार वाढदिवसांचे. गाडी लावायला जागा नाही. कॉफी मशीनची आहे, त्यापेक्षा कोपऱ्यावरच्या अमृततुल्यात चहा पिऊन वर जा.