आमदारांचे जनसंपर्क कार्यालय आणि मावशीचा श्रावणबाळ अर्ज : चौदा महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

ऑगस्ट २०२४ पासून आजपर्यंत मी आमच्या मतदारसंघाच्या आमदारांच्या जनसंपर्क कार्यालयात एकवीस वेळा गेले. हा आकडा अंदाजाने दिलेला नाही. मी निवृत्त प्राथमिक शिक्षिका असल्यामुळे तारीख, वार आणि कुणाशी काय बोलणे झाले हे वहीत लिहून ठेवण्याची सवय सुटलेली नाही. काम माझे नव्हते, माझ्या मावशीच्या श्रावणबाळ निवृत्तीवेतनाच्या अर्जाचे होते. ती विधवा आहे, तिला मूलबाळ नाही, शेत नाही, आणि आधार कार्डावरील जन्मवर्षाप्रमाणे त्या वेळी ती सहासष्ट वर्षांची होती. आमदारांचे आणि तालुक्याचे नाव मी मुद्दाम देत नाही. एवढे पुरे की गाव पश्चिम महाराष्ट्रातील आहे आणि कार्यालय एसटी स्टँडसमोर एका कृषी सेवा केंद्राच्या माडीवर आहे, जिथे गुडघेदुखीच्या माणसाला चढायला अठरा पायऱ्या आहेत. निराधारांसाठी चालवलेल्या कार्यालयाने ही पहिली गोष्ट बदलावी, असे मी पहिल्याच दिवशी सांगितले होते. पायऱ्या अजून तेवढ्याच आहेत.

आम्ही तिथे पोहोचलो त्याला निमित्त लाडकी बहीण योजनेचे झाले. त्या ऑगस्टमध्ये राखी पौर्णिमेच्या आधी शेजारच्या जाऊबाईंच्या खात्यावर जुलै-ऑगस्टचे मिळून तीन हजार रुपये जमा झाले. त्यांचे वय पन्नाशीचे, मुलगा नोकरीला, तरी अडीच लाखांच्या वार्षिक उत्पन्नाच्या मर्यादेत त्या बसत होत्या. मावशीने पासष्टी ओलांडलेली असल्यामुळे ती त्या योजनेत बसत नव्हती. ‘मी कुणाची भण न्हवं व्हय गं?’ असे तिने मला विचारले, आणि त्याचे उत्तर शासन निर्णयाच्या भाषेत देणे मला जमले नाही.

पासष्ट वर्षांवरील निराधारांसाठी श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तीवेतन योजना आहे आणि त्याखालच्या वयासाठी संजय गांधी निराधार अनुदान योजना आहे. आम्ही अर्ज केला तेव्हा दोन्हींची दरमहा रक्कम एकच होती. पूर्वी ६०० रुपये, २०१९ पासून १,००० आणि २०२३ पासून १,५०० रुपये. मात्र तेव्हा कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा २१,००० रुपये होती. म्हणजे महिन्याला १,७५० आणि दिवसाला सत्तावन्न-अठ्ठावन्न रुपये. एका योजनेचे दीड हजार अडीच लाखांच्या आत असलेल्या घराला मिळतात आणि दुसरीचे दीड हजार मिळवण्यासाठी एकवीस हजारांच्या आत असल्याचा दाखला आणावा लागतो, हे गणित मी चौथीच्या वर्गाला घातले असते तर मुलांनी फळ्यावर चूक झाली आहे असे समजून मला हटकले असते. या मर्यादेचा परिणाम असा होतो की ज्यांची खरी कमाई वर्षाला पंचवीस-तीस हजार आहे, अशी गरीब माणसेही दाखल्यावर एकवीस हजारच लिहून घेतात आणि सबंध तालुका या खोट्याला मुकाट्याने संमती देतो.

आता कार्यालयाच्या उपयोगाबद्दल. पहिल्या भेटीत स्वीय सहायकांनी अर्ज न वाचताच आमदारांच्या लेटरहेडवर शिफारसपत्र दिले. त्याला दहा मिनिटेही लागली नाहीत आणि मला फार बरे वाटले. ते पत्र तहसील कार्यालयाच्या आवकजावक टेबलावर तीन आठवडे पडून होते, कारण त्या टेबलावर अशी पत्रे चळतीने येतात आणि ज्याच्यासोबत कागद पूर्ण नाहीत त्याला पत्राने गती मिळत नाही. शिफारसपत्र ही या कार्यालयाची सर्वांत जास्त मागणी असलेली आणि सर्वांत कमी उपयोगाची सेवा आहे, असे माझे मत झाले आहे.

खरा उपयोग झाला तो कोपऱ्यातील संगणकावर बसणाऱ्या मुलाचा. (तो माझा विद्यार्थी नाही, या तालुक्यात कुणीही मदत केली की ‘बाईंचा विद्यार्थी असणार’ असे म्हणतात, म्हणून खुलासा.) त्याने दुसऱ्या भेटीत फाईल उघडून सगळे कागद टेबलावर मांडले आणि पेन्सिलीने खुणा केल्या. एका कागदावर मावशीच्या नावापुढे ‘बाई’ होते, दुसऱ्यावर नव्हते. पंधरा वर्षांच्या वास्तव्याचा पुरावा जोडलेला नव्हता. उत्पन्नाचा दाखला होता, पण तलाठ्यांचा अहवाल त्याला लावलेला नव्हता. मावसोबांच्या मृत्यूच्या दाखल्याची झेरॉक्स इतकी फिकी होती की तारीख वाचता येत नव्हती. ‘बाई, हे असंच दिलं तर त्रुटीत निघंल आणि तुम्हाला कुणी कळवणार पण न्हाई,’ असे तो म्हणाला. तहसीलच्या दारात एक गृहस्थ हेच काम दोन हजार रुपयांत करून देतो म्हणाले होते. त्यांचेही नाव न घेता या मुलाने ‘पैसे कुठंच द्यायचे न्हाईत’ असे आधीच बजावले होते.

गावोगावी भरणाऱ्या शिबिरांबद्दल माझे मत दुटप्पी आहे आणि ते तसेच लिहिते. सप्टेंबरमध्ये आमच्या शाळेच्या पटांगणात झालेल्या शिबिरात पहिला दीड तास सत्कारात गेला. नारळ आणि शाली घेणारे सगळे धडधाकट होते, आणि ज्यांच्यासाठी शिबिर भरवले त्या बायका मांडवाच्या कडेला उन्हात बसून होत्या. परंतु सत्कार संपल्यावर तलाठी, मंडळ अधिकारी, पुरवठा शाखेचा लिपिक आणि ग्रामीण रुग्णालयाचे डॉक्टर एका रांगेत बसले. एरवी तलाठी भाऊसाहेब सज्जावर कधी सापडतील याचा भरवसा नसतो. त्यांचा अहवाल, नावातील फरकाचे स्वयंघोषणापत्र आणि वास्तव्याचा दाखला ही तीन हेलपाट्यांची कामे मावशीची एका दुपारी झाली. एका आजोबांना जन्मतारखेचा कसलाच पुरावा नव्हता, त्यांना डॉक्टरांनी तिथेच वयाचा दाखला दिला. लाभार्थ्यांनी आमदारांचे छायाचित्र छापलेला फलक हातात धरून फोटो काढायचा होता. मावशीने तो हौसेने काढला, मी काढू नको म्हटले होते.

त्याच सुमारास चावडीपुढे झालेली एक बैठक मात्र मला या सगळ्या वापरातील सर्वांत मोलाची वाटते, कारण तिथे आमदारांना पत्र द्यायचे नव्हते, बाजू मांडायची होती. एका द्राक्षबागायतदारांनी उठून स्पष्टच विचारले की फुकट वाटून माणसे आळशी झाली, बागेला मजूर मिळत नाहीत, आणि ही रेवडी आमच्या करातून कशासाठी. टाळ्याही पडल्या. आमदारांनी आवाज चढवला नाही. ‘आबा, तुमच्या बागेच्या छाटणीला सत्तर वर्षांच्या म्हातारीला घ्याल का?’ एवढेच त्यांनी आधी विचारले. मग दीड हजाराला तिसाने भागून दिवसाचे पन्नास रुपये होतात हे सांगितले आणि पन्नास रुपयांत आळस परवडत नाही, असे म्हणाले. पुढे त्यांनी वि. स. पागे यांची आठवण काढली. विसापूरचे पागे विधान परिषदेचे सभापती असताना त्यांनी रोजगार हमीची कल्पना मांडली, १९७२ च्या दुष्काळात ती राज्यभर उभी राहिली, १९७७ साली विधिमंडळाने तिचा कायदा केला, आणि तिच्या खर्चासाठी पगारदारांवर व्यवसाय कर बसवण्यात आला. तेव्हाही लोक खडी फोडणाऱ्यांना ‘सरकारी पाहुणे’ म्हणत असत, असे ते म्हणाले. तो शब्द मी स्वतः कधी ऐकलेला नाही, पण व्यवसाय कर मी अनेक वर्षे भरला आहे. माझ्या पगारपत्रकावर दरमहा २०० रुपये आणि फेब्रुवारीत ३०० रुपये ही कपात असे, आणि ती कशासाठी आहे हे स्टाफरूममध्ये कुणी कधी विचारल्याचे मला आठवत नाही.

घरी परतताना माझ्या मनात वेगळीच टोचणी होती. मला स्वतःला निवृत्तीवेतन मिळते. दर नोव्हेंबरला बँकेत जाऊन मी हयातीचा दाखला देते, महागाई भत्ता वाढला की रक्कम वाढते, आणि तिला कुणी रेवडी म्हणत नाही. मावशीने रानात मजुरी केली, माझ्यापेक्षा अधिक वर्षे आणि अधिक तास, पण तिच्या रकमेला महागाईशी जोडणारा नियमच नाही. तिची वाढ सरकारला वाटेल तेव्हा होते, आणि ती कधी वाटते ते पंचांगापेक्षा निवडणुकीच्या वेळापत्रकावरून जास्त नेमके सांगता येते. दारिद्र्यरेषेखालील वृद्धांच्या दीड हजारांत केंद्राचा वाटा ८० वर्षांपर्यंत अवघा २०० रुपयांचा आहे, आणि तो दीड दशकाहून अधिक काळ हललेला नाही.

१५ ऑक्टोबरला विधानसभेची आचारसंहिता लागली आणि सगळे थांबले. निवडणुकीच्या काळात त्या माडीवर फक्त प्रचाराचे साहित्य होते, संगणकाचा मुलगा मतदार याद्यांना जुंपलेला होता, आणि हे अर्ज मंजूर करणाऱ्या तालुका समितीची बैठक होण्याचा प्रश्नच नव्हता. निकालानंतरही समिती नव्याने नेमली जायची होती. हा दोन-अडीच महिन्यांचा खंड कुणाच्याही दुष्टाव्यामुळे पडला नाही हे मला कळते. पण त्याच दिवसांत मावशीने पितळेची घागर विकली, हेही वहीत लिहिलेले आहे.

फेब्रुवारी २०२५ मध्ये मंजुरीचे पत्र आले. पैसे आले नाहीत. मार्च गेला, एप्रिल गेला. तहसीलमधील संगांयो (संजय गांधी योजना) शाखेत ‘आमच्याकडून गेलेत’ असे उत्तर मिळे आणि बँकेत ‘आमच्याकडे आले नाहीत’ असे, आणि दोघेही खरे बोलत होते. अकराव्या भेटीत कार्यालयातील त्या मुलाने मावशीचे आधार कोणत्या बँकेशी जोडलेले आहे ते तपासले. डिसेंबर २०२४ पासून हे अनुदान थेट आधारशी जोडलेल्या खात्यात जमा होऊ लागले होते, त्यामुळे अर्जाला कोणत्या पासबुकाची झेरॉक्स जोडली आहे याला काही अर्थ उरला नव्हता. मावशीचे आधार दहा वर्षांपूर्वी गावात टेबल मांडून उघडलेल्या एका जनधन खात्याशी जोडलेले होते. ते खाते तिला आठवतही नव्हते. पासबुक धान्याच्या कणगीमागे सापडले, कडा उंदरांनी खाल्लेल्या. त्या खात्यात तीन हप्ते येऊन पडले होते, आणि व्यवहार नसल्याने खाते बंदावस्थेत असल्यामुळे काढता येत नव्हते. केवायसीसाठी अंगठा घ्यायचा तर तिच्या बोटांवर रेषाच उमटत नव्हत्या. चौथ्या प्रयत्नात, तिने बोट पदराला घासून घासून लाल केल्यावर, यंत्राने ते स्वीकारले. त्या दिवशी बँकेतून बाहेर आल्यावर तिने नोटा दोनदा मोजल्या आणि त्यांतील शंभराची एक त्या मुलासाठी बाजूला काढली. त्याने ती घेतली नाही. मग पुढच्या सोमवारी ती त्याच्यासाठी शेंगदाण्याची चटणी घेऊन अठरा पायऱ्या चढली.

आमदारांनी स्वतः या प्रकरणात काय केले, असे कुणी विचारले तर माझे उत्तर असे आहे की अर्जासाठी फारसे काही नाही आणि मला ते योग्यच वाटते. आमदाराने एकेका फाईलसाठी फोन करत बसणे हे त्याचे काम नव्हे. त्यांचे काम मुंबईला आणि नागपूरला आहे. अर्थसंकल्पी अधिवेशनात त्यांनी एकवीस हजारांच्या मर्यादेबद्दल आणि थकलेल्या हप्त्यांबद्दल विचारले, ते मी मोबाइलवर थेट पाहिले. उत्तर सकारात्मक विचाराचे आले, म्हणजे काहीच आले नाही. त्यांनी उपप्रश्न विचारला, वेळ संपल्याची घंटा वाजली आणि कामकाज पुढे गेले. त्या चार मिनिटांच्या चित्रफितीला त्यांच्याच कार्यालयाने शिबिराच्या फोटोंपेक्षा खूपच कमी प्रसिद्धी दिली, आणि ही माझी या कार्यालयाविषयीची मुख्य तक्रार आहे. जे दाखवायला हवे ते ते दाखवत नाहीत. मावशी अजूनही ‘आमदारसायबांनी पैसे दिले’ असेच म्हणते. सामाजिक न्याय विभागाच्या तरतुदीतून, कायदेशीर मंजुरीने, तिच्या हक्काचे पैसे आले आहेत हे मी तिला तीनदा समजावले आहे. ती मान हलवते आणि पुन्हा तेच म्हणते. कार्यालयातही कुणी तिची समजूत दुरुस्त करत नाही.

कुणी हे कार्यालय वापरणार असेल तर सोमवारी सकाळी दहाच्या आत जावे, अधिवेशन चालू असताना जाऊ नये, पत्र मागण्याआधी फाईल तपासून मागावी आणि तहसीलमध्ये दिलेल्या प्रत्येक कागदाची पोच घ्यावी. आधार कोणत्या खात्याशी जोडलेले आहे ते अर्जाच्या आधीच पाहावे. आम्ही ते पाहिले असते तर तीन महिने वाचले असते. फोनवर चौकशी करण्यात अर्थ नाही, कारण फोन उचलणाऱ्याला काहीच माहीत नसते.

सप्टेंबरचा हप्ता आजपर्यंत आलेला नाही. काल विचारले तेव्हा त्या मुलाने ‘वरूनच निधी आला न्हाई बाई, कुणाचाच आला न्हाई’ असे सरळ सांगितले, आणि उगाच अर्ज लिहायला लावला नाही. येत्या सोमवारी मी बाविसाव्यांदा जाणार आहे, ते शेजारच्या गल्लीतील एका अंथरुणाला खिळलेल्या गृहस्थांच्या कामासाठी. त्यांना त्या पायऱ्या चढता येणार नाहीत, म्हणून संगणकावरचा तो मुलगाच खाली उतरून दुकानाच्या फळीवर त्यांचे कागद तपासणार आहे.