दशा आत खुपसलेला गालिचा

नावाहो या अमेरिकेतल्या मूळनिवासी जमातीचा म्हणून नकली गालिचा घेतला, साडेसहाशे डॉलरला चुना लागलाय. ॲरिझोना, न्यू मेक्सिकोकडे फिरायला जाणाऱ्या आपल्या मंडळींसाठी लिहितेय.

हायवेलगतचं दुकान, दारावर ७० टक्के सूट. शंका तिथेच यायला हवी होती, पण सूट म्हटलं की आपलं काय होतं ते तुम्हाला माहीतच आहे. दुकानदाराने न्यू मेक्सिकोतल्या ‘टू ग्रे हिल्स’ गावचा म्हणून एक गालिचा उलगडला. पांढरा, करडा, तपकिरी, भोवती काळी किनार. तिथल्या नावाहो बायका बहुतेक रंग मेंढीच्या मूळ लोकरीचेच ठेवतात, हे मी वाचलं होतं. किनारीतून बाहेर गेलेली एक फिकट रेघही त्याने दाखवली. विणकरणीचा जीव नक्षीत अडकू नये म्हणून ठेवलेली वाट! प्रथा खरी आहे हो, पण तशी रेघ कुणीही विणू शकतं.

घरी येऊन आईला व्हिडिओ कॉलवर दाखवला. तिचं माहेर सोलापूरचं, मागाच्या खडखडाटात वाढलेली.

“दशा कुठायत गं याच्या? टोकाचे सुटे धागे?”

“नावाहो गालिच्याला दशा नसतात, आई.” मी ऐटीत.

“मग टोकं फुगल्यासारखी का दिसतायत?”

हात फिरवला. दोन्ही टोकांना दोनेक इंच जाड. साडीची पिन घालून उचकटलं, तर गाठ मारलेला, कापलेला धागा बाहेर आला. मग दुसरा, तिसरा. सगळ्या दशा सुईने आत खुपसलेल्या.

नावाहो बायका उभ्या मागावर ताण्याचा (म्हणजे उभ्या धाग्यांचा) एकच सलग धागा वरखाली फिरवतात. तो कापावा लागत नाही, म्हणून चारही कडा बंद. मेक्सिकोतल्या ओआहाकाकडचे झापोटेक विणकर पायाने चालवायच्या मागावर विणतात. तिथे ताणा कापूनच गालिचा उतरतो. माझ्या गालिच्यात लांब कडेलाही दोन-तीन ताणे एकत्र घेतलेत, ही त्याच मागाची खूण. (‘गॅलप थ्रो’ नावाच्या छोट्या अस्सल नावाहो विणीत एका टोकाला दशा असतात, तेवढा अपवाद.) झापोटेक विणकरांचं काम सुरेख असतं. त्यांच्या नावाने विकला असता तर तक्रार नव्हती.

दुकानदार म्हणाला, सेलचा माल परत नाही. क्रेडिट कार्डवालेही हलले नाहीत, कारण बिलावर नुसतं ‘लोकरीचा गालिचा’. तोंडाने नावाहो, कागदावर लोकर! बिलावर ‘नावाहो’ शब्द आणि विणकरणीचं नाव लिहून द्यायला सांगा. टाळाटाळ झाली की बाहेर पडा. नाहीतर न्यू मेक्सिकोतल्या क्राउनपॉइंटच्या गालिचा-लिलावात घ्या, तिथे विणकरणी स्वतः माल आणतात.

१९९० च्या कायद्याने मूळनिवासींच्या नावावर खोटा माल विकणं गुन्हा आहे. पहिल्या खेपेलाच अडीच लाख डॉलरपर्यंत दंड आणि पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. ‘इंडियन आर्ट्स अँड क्राफ्ट्स बोर्ड’ या सरकारी मंडळाकडे तक्रार केलीय. उसवलेलं टोक तसंच ठेवलंय, फोटो त्याचाच जोडलाय.