निकोटीन पॅच, काही महिन्यांनंतर: काम चोख, चिकटपणा भिकार (कोलायटिसवाल्यांसाठी मुद्दाम)

कंपनीच्या ग्राहक सेवेचं उत्तर आलं म्हणून आज लिहायला बसले. नव्या खोक्यातल्या पॅचच्या कडा दुपारपर्यंत सुटतात, अशी तक्रार मी फोटो जोडून केली होती. उत्तरात पत्रकातलंच वाक्य आलं: त्वचा स्वच्छ आणि कोरडी ठेवून लावा. पहिल्या दिवसापासून मी तेच करते आहे. बिनवासाच्या साबणाने धुते, पूर्ण कोरडं करते, क्रीम नाही, तेल नाही, तळहाताने दहा सेकंद दाबते. तरी कोपरा उचलला जातोच. मग त्याला कपड्यांचे धागे चिकटतात आणि संध्याकाळी निम्मा पॅच लोंबत असतो. तेवढा भाग त्वचेला टेकत नाही, म्हणजे तेवढ्या भागातून निकोटीन आत जात नाही. पूर्ण डोसचा पॅच लावूनही अर्ध्या दिवसानंतर तलफ का येते, ते मला यातूनच कळलं.

21, 14, 7 मिलिग्रॅम निकोटीन अशी पॅचची उतरंड असते, 24 तासांचे आणि 16 तासांचे असे दोन प्रकार मिळतात, हे सगळं तुम्हाला माहीत आहे असं धरते. मी लिहिते आहे ते अल्सरेटिव्ह कोलायटिस (मोठ्या आतड्याला सूज आणि व्रण येण्याचा आजार) असताना सिगरेट सोडणाऱ्यांसाठी, कारण आपलं गणित इतरांपेक्षा वेगळं आहे.

माझी सिगरेट पूर्वी एकदा सुटली होती. त्यानंतर काही महिन्यांत रक्त पडायला लागलं आणि निदान झालं. सिगरेट सोडल्यानंतरच्या पहिल्या काही वर्षांत हा आजार डोकं वर काढतो, हे नेहमीचं चित्र आहे. 1982 मध्ये कार्डिफच्या डॉक्टरांनी ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये नोंदवलं होतं की अल्सरेटिव्ह कोलायटिसच्या रुग्णांमध्ये धूम्रपान करणारे आश्चर्य वाटावं इतके कमी असतात. त्यामुळे दवाखान्यात शेजारी बसलेला कुणीतरी हळूच सांगतोच, परत ओढायला लाग, शांत होईल. मी परत ओढायला लागले, आणि बरीच वर्षं आजार खरंच बेताचा राहिला. पण अधूनमधून स्टेरॉइडचे कोर्स झाले, आणि मागच्या तपासणीत हाडांची घनता कमी निघाली. स्टेरॉइड आणि सिगरेट, दोघंही हाडं पोखरतात. त्यात आतड्याच्या या आजारात रक्ताच्या गुठळ्यांचा धोका आधीच वाढलेला असतो. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं की आता सिगरेट जायला हवी. पॅच वापरूया, म्हणजे निकोटीन एकदम तुटणार नाही.

माझी आशा मात्र त्याहून मोठी होती. धुराशिवाय निकोटीन मिळालं तर आतड्याला सिगरेटचा फायदा होईल आणि फुप्फुसं, हाडं वाचतील, असं मी धरून चालले होते. पहिले काही आठवडे तसंच वाटलं. शौचाची घाई नाही, रक्त नाही. तेव्हाच हा लेख लिहिला असता तर पाचपैकी पाच तारे देऊन मोकळी झाले असते.

चौदाच्या पॅचवर उतरल्यावर फ्लेअर आला, म्हणजे आजार परत उसळला. मेसालामाइनच्या (कोलायटिसचं नेहमीचं, सूज उतरवणारं औषध) गोळ्या नियमित चालू होत्या, पॅच लावलेला होता, तरीही आला.

त्यानंतर मी मूळ संशोधन शांतपणे वाचलं. 1994 मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये 72 रुग्णांवरचा सहा आठवड्यांचा प्रयोग छापून आला. निकोटीन पॅच मिळालेल्या 35 जणांपैकी 17 जणांची लक्षणं पूर्ण थांबली, खोटा पॅच मिळालेल्या 37 पैकी 9 जणांची. लोक हा आकडा नेहमी सांगतात. पण ते सगळे रुग्ण मेसालामाइन घेतच होते आणि पॅच त्याच्या जोडीला होता, हे कुणी सांगत नाही. पुढच्याच वर्षी त्याच जर्नलमध्ये दुसरा प्रयोग आला. शांत असलेला आजार शांतच ठेवायला एकटा पॅच पुरतो का, हे त्यात सहा महिने पाहिलं, आणि खोट्या पॅचपेक्षा त्याचा काही फायदा दिसला नाही. नंतर सगळे प्रयोग एकत्र करून जो आढावा घेतला गेला, त्यातही हेच आलं: काहीच न देण्यापेक्षा पॅच बरा, नेहमीच्या औषधांपेक्षा सरस नाही, आणि दुष्परिणाम जास्त.

माझा फ्लेअर पॅचने आटोक्यात आला नाही. तो आला रात्रीच्या मेसालामाइन एनिमाने. कॅलप्रोटेक्टिनचा (आतड्यातली सूज दाखवणारी शौचाची तपासणी) आकडा त्यानंतरच खाली उतरला. म्हणून माझं मत बदललं. कोलायटिसचं औषध म्हणून या पॅचला मी दोन तारे देईन. सिगरेट सोडवणारा म्हणून पाच, आणि हे पाच मी मनापासून देते आहे. फ्लेअरच्या त्या आठवड्यांत रात्र रात्र झोप नव्हती, पोटात कळा येत होत्या, आणि एक झुरका घेतला तर थांबेल हे डोक्यात सतत होतं. तरी मी सिगरेटला हात लावला नाही. पॅच नसता तर लावला असता. एवढ्याशा पट्टीने एवढं धरून ठेवलं, याचं मला अजून नवल वाटतं.

आता परत चिकटपणाकडे, कारण फ्लेअरमध्ये पॅच कुठे टिकतो याबद्दल पत्रकात एक अक्षर नाही. दंड, पाठ, कंबर, नितंबाचा वरचा भाग अशा जागा आलटून पालटून वापरायला सांगतात, आणि एकदा वापरलेली जागा आठवडाभर मोकळी ठेवायला सांगतात. ते योग्य आहे, नाहीतर लाल चौकोन उठतो आणि खाज जात नाही. पण कोलायटिसच्या माणसाने फ्लेअरमध्ये कंबर आणि नितंब वगळावेत. दिवसातून दहा वेळा संडासला धावायचं, दहा वेळा इलास्टिक खाली-वर करायचं, की पॅच गेलाच. मला एकदा तो संध्याकाळी कपडे धुवायला टाकताना आतल्या बाजूला चिकटलेला सापडला. तेव्हापासून फक्त दंड आणि पाठीचा वरचा भाग. घाम येत असेल तर कडांवर कागदी वैद्यकीय चिकटपट्टी लावायची. गोल कोपऱ्यांचा पातळ, पारदर्शक पॅच जाड, त्वचेच्या रंगाच्या चौकोनी पॅचपेक्षा खूप चांगला टिकतो. मी कंपनी बदलली ती एवढ्याच कारणासाठी, आणि बदलल्यावर दुपारची तलफ गेली. डोस तोच होता.

पडलेला पॅच परत चिकटत नाही, नवा लावावा लागतो. असा प्रत्येक नवा पॅच उघडताना मला चीड येते, कारण एका दिवसाचा माल वाया जातो. म्हणून लोक मोठा पॅच कापून वापरायच्या युक्त्या सांगतात. माझ्या पत्रकात कापू नका असं स्पष्ट लिहिलं आहे, तेव्हा काटकसरीची सवय कितीही असली तरी मी कात्री लावली नाही. काढलेल्या पॅचमध्येही बरंच निकोटीन उरतं. चिकट बाजू आत घेऊन दुमडा आणि लहान मूल किंवा पाळीव जनावर पोचणार नाही तिथे टाका.

झोपेचं थोडक्यात: 24 तासांचा पॅच रात्रभर ठेवला की स्वप्नं फार ठळक पडतात. झोपताना काढला की ती थांबतात, पण सकाळची तलफ जोरात येते. मी काढते.

निकोटीनचा चघळायचा गम मी मध्ये वापरून पाहिला आणि सोडला. तो हळू चावून गाल आणि हिरडीच्या मधे ठेवायचा असतो, निकोटीन तिथूनच शोषलं जातं. लाळ गिळत राहिलं की उचकी लागते आणि मळमळतं. कॉफी किंवा सोडा पिऊन लगेच घेतला तर तोंड आम्लधर्मी झालेलं असतं आणि शोषण घटतं. हे सगळं सांभाळता येतं. मला नडलं ते वेगळंच: बिनसाखरेच्या गममध्ये सॉर्बिटॉल, झायलिटॉलसारखे गोड पदार्थ असतात, आणि ते जास्त पोटात गेले की गॅस आणि जुलाब होतात. पोट बिघडलं ते गममुळे की आजार उसळतो आहे म्हणून, हे ओळखता येत नाही. आपल्याला हा गोंधळ परवडत नाही.

कॉफीचीही एक गोष्ट. धुरातले काही घटक यकृताला कॅफीन भराभर मोडायला लावतात. हे काम धुराचं, निकोटीनचं नाही, त्यामुळे पॅच लावला तरी सिगरेट सुटली की तीच कॉफी रक्तात जास्त वेळ राहते. पहिल्या आठवड्यातली धडधड आणि हातांची थरथर मी सिगरेट सुटल्याच्या खात्यात टाकत होते. कॉफी निम्मी केल्यावर दोन्ही कमी झाल्या.

क्रोन्स (आतड्याच्या सुजेचाच दुसरा आजार) असलेल्यांनी यातलं काहीही स्वतःला लावून घेऊ नये. माझ्या मित्राला क्रोन्स आहे, तो हाच पॅच वापरतो, आणि त्याच्यापुढे सिगरेटचा काही पेचच नाही. क्रोन्समध्ये सिगरेटने आजार बळावतो, ऑपरेशननंतर परत उलटण्याची शक्यता वाढते, आणि सोडून वर्ष उलटलं की फ्लेअर कमी होतात. त्याच्यासाठी सिगरेट सोडणं हाच उपचाराचा भाग आहे. म्हणून दवाखान्यात कुजबुजत सल्ला देणाऱ्याने आधी समोरच्याला कुठला आजार आहे ते विचारावं. आणि ज्याने कधी सिगरेट ओढलीच नाही त्याने कोलायटिससाठी 21 चा पॅच स्वतःहून मुळीच लावू नये. सवय नसलेल्या शरीराला मळमळ, चक्कर, डोकेदुखी पहिल्याच दिवशी गाठते.

सध्या मी सातवर आहे. पॅच पूर्ण थांबल्यावर काही आठवड्यांनी कॅलप्रोटेक्टिन परत करायचं ठरलं आहे. रिपोर्ट आला की इथेच खाली लिहीन.