क्रोनो ट्रिगर पीसीवर: ओरिजिनल ग्राफिक्स, हातात कंट्रोलर

आधी निकाल सांगते. पीसीवरचा क्रोनो ट्रिगर, म्हणजे काळात मागे-पुढे प्रवास करायचा हा जुना गेम, आज जसा मिळतो तसा जरूर घ्या. फक्त सुरू करण्याआधी दोन कामं करा: सेटिंगमध्ये जाऊन ग्राफिक्स 'ओरिजिनल' करा आणि कंट्रोलर जोडा. 2018 मध्ये हाच पोर्ट (दुसऱ्या यंत्रावरून पीसीवर आणलेली आवृत्ती) आला तेव्हा मी कुणालाही तो घ्या म्हटलं नसतं.

मूळ गेम 1995 चा, सुपर निन्टेंडो या टीव्हीला जोडायच्या गेमयंत्राचा. 'फायनल फँटसी' या गेममालिकेचे हिरोनोबू साकागुची, 'ड्रॅगन क्वेस्ट' या मालिकेचे युजी होरी आणि पात्रं रेखाटायला अकिरा तोरियामा, असा तो संच जमला होता. पीसीवर यायला त्याला जवळपास 23 वर्षं लागली, आणि आला तोही सुपर निन्टेंडोवरून थेट नाही. मोबाइलसाठी केलेली आवृत्ती उचलून पीसीवर आणली होती. सगळं दुखणं तिथलंच.

मोबाइलवर खेळणाऱ्याचं बोट स्क्रीनवर असतं, म्हणून बटणं मोठी, ठसठशीत, लांब लांब ठेवलेली. पीसीवर तीच बटणं तशीच दिसत होती. हे फक्त दिसायला वाईट होतं असं नाही, त्यानं लढाई बिघडत होती. क्रोनो ट्रिगरमध्ये शत्रू तुमची वाट बघत थांबत नाहीत. 'अ‍ॅक्टिव्ह' मोड लावलात तर तुम्ही मेनू चाळत असतानाही वेळ पळतच असतो. त्यात शत्रू मैदानात जागा बदलतात. नायक क्रोनोचं सायक्लोन हे तंत्र, म्हणजे खास हल्ला, निवडलेल्या शत्रूच्या आसपासच्या सगळ्यांना लागतं, म्हणून समोर तीन शत्रू असतील तर ते तिघं एकमेकांजवळ येईपर्यंत दम धरायचा आणि जमले की लगेच सोडायचं. अशा वेळी डोळे मैदानावर हवेत आणि मेनू अंगठ्याला पाठ हवा. मेनू शोधायला नजर खाली गेली की तिघं पांगलेच.

हा गेम कंट्रोलरसाठी किती मनापासून लिहिलाय याचा एक पुरावा देते. पुढे एका प्रसंगात यंत्र थांबवायला परवलीचा शब्द लागतो, आणि त्यातलं प्रत्येक अक्षर म्हणजे सुपर निन्टेंडोच्या कंट्रोलरवरच्या एका बटणाचं नाव आहे. शब्द सांगत नाही, तो प्रसंग ज्याचा त्यानं भोगावा असा आहे.

दुसरं दुखणं चित्रांचं. सुपर निन्टेंडोचं चित्र 256 बाय 224 ठिपक्यांचं. 1080 ओळींच्या पडद्यावर 224 ओळी पूर्ण पटीत बसत नाहीत, साधारण 4.8 पट होतात. मग काही ठिपके जाड, काही बारीक. मोबाइल आवृत्तीत यावर उपाय म्हणून चित्रं गुळगुळीत केली होती. क्रोनोच्या लाल केसांची टोकं बघा. मूळ चित्रात ती चार-पाच ठिपक्यांत अणकुचीदार दिसतात, कारण काढणाऱ्यानं प्रत्येक ठिपका विचार करून ठेवलाय. गुळगुळीत केल्यावर त्या केसांचं मेण होतं. शिवाय जमिनीच्या फरश्यांमध्ये बारीक फटी दिसायच्या, त्या वेगळ्याच.

आणि अक्षरं! मी डीटीपीचं काम करते, दिवसभर अक्षरांतच असते, त्यामुळे हे मला सगळ्यात जास्त खुपलं. मूळ संवादाची अक्षरं त्या चौकटीच्या मापानं, ठिपका ठिपका जोडून काढलेली. त्यांच्या जागी कुठल्याही कार्यालयीन पत्रात शोभेल असा फाँट आला होता. सुरुवातीच्या मिलेनियल फेअर या जत्रेत मार्ल ही मुलगी क्रोनोला धडकते, तिचं पेंडंट उडून पडतं, आणि त्यानंतरचं तिचं बोलणं पत्राच्या फाँटात! पात्राचा आवाजच बदलतो त्यानं.

खेळणाऱ्यांनी जोरदार तक्रारी केल्या आणि त्या ऐकल्या गेल्या, हे मोकळेपणानं मान्य करायला हवं. एप्रिल 2018 च्या पहिल्याच पॅचमध्ये (दुरुस्तीच्या अपडेटमध्ये) मूळ ग्राफिक्सचा पर्याय आला, फाँट बदलला. नंतरच्या पॅचांमध्ये लढाईचा मेनू कीबोर्ड-कंट्रोलरला साजेसा झाला, मग बाकीचे मेनूही. 2022 मध्ये रुंद पडद्यांसाठी 21:9 चा आधारही मिळाला. एवढ्या जुन्या गेमच्या पोर्टकडे चार वर्षांनी कुणी परत वळून बघतं, हे मला खरंच भावलं.

आज मी 'वेट' (मेनू चाळताना वेळ थांबवणारा मोड) सोडून बिनधास्त 'अ‍ॅक्टिव्ह'वर खेळते. अंगठा न बघता मेनूत फिरतो. संगीतकार यासुनोरी मित्सुदांचं संगीत त्यांच्याच देखरेखीखाली पुन्हा तयार केलंय; गेममधल्या इ.स. 600 च्या काळात पहिलं पाऊल टाकताना वाजणारी धून कानाला हेडफोन लावूनच ऐका. ऑटोसेव्हही आहे, त्यामुळे पुढच्या सेव्ह पॉइंटपर्यंत (खेळ जिथे जतन करता येतो त्या जागेपर्यंत) जीव मुठीत धरून जावं लागत नाही.

निन्टेंडो डीएस या हातातल्या गेमयंत्रासाठीच्या 2008 च्या आवृत्तीतली जादा ठिकाणं इथे आहेत. त्यातलं लॉस्ट सँक्टम मी तरी सोडून द्या म्हणेन, नुसती ने-आण आणि चढ-उतार. संवादही डीएसचेच घेतलेत. ते मूळ जपानीला जास्त धरून आहेत, पण फ्रॉग हा बेडूक-सरदार साथीदार आता साधं बोलतो. 1995 च्या इंग्रजीत तो जुन्या सरदारी थाटात बोलायचा, बेडकाच्या तोंडी ती दरबारी भाषा! तिची उणीव मला प्रत्येक भेटीत जाणवते.

पहिल्यांदा खेळणार असाल तर रोबो या यंत्रमानव साथीदाराला जंगल उभं करायला मागे ठेवायचा प्रसंग येईल तेव्हा घाई करू नका. तो 400 वर्षं राबतो, आणि तुम्ही काळ ओलांडून क्षणात त्याच्यापाशी पोचता. त्या रात्री शेकोटीभोवती सगळे बसतात. तिथे कंट्रोलर मांडीवर ठेवा आणि नुसतं बघा. ओरिजिनल ग्राफिक्समध्ये त्या शेकोटीचा एकेक ठिपका जागेवर आहे.