ट्रेडमिलसाठी घेतलेला 16 अँपिअरचा एक्स्टेन्शन बोर्ड

ट्रेडमिलसाठी एक्स्टेन्शन बोर्ड घेताना त्याला सॉकेट किती आहेत यापेक्षा त्याच्या वायरीत तांबे किती आहे हे आधी पाहावे, आणि या कसोटीला मी घेतलेला हा एकाच सॉकेटचा बोर्ड पूर्णपणे उतरतो. तीन मीटर लांबीची, अर्थिंगसह तीन तारांची अडीच एमएमची (म्हणजे प्रत्येक तारेत अडीच चौरस मिलिमीटर छेदाचे तांबे असलेली) वायर, जाड पिनांचा 16 अँपिअरचा प्लग आणि चालू असल्याचे दाखवणारा दिवा असलेला स्विच एवढेच त्यात आहे. वायर आणि प्लग या दोन्हींवर आयएसआयची खूण आहे.

तीन अश्वशक्तीची मोटर पूर्ण भारावर चालली, तर 230 व्होल्टला ती किमान 10 अँपिअरच्या आसपास प्रवाह घेते. एवढ्या प्रवाहाला पाऊण एमएमच्या तीन मीटर वायरीत साधारण 15 वॅट उष्णता तयार होते, तर अडीच एमएमच्या वायरीत ती 5 वॅटच्या आत राहते. टीव्ही किंवा संगणकासाठी मिळणारे बारीक वायरीचे बोर्ड या कामाला का चालत नाहीत, हे यावरून लक्षात यावे. उरलेली वायर वेटोळे करून बांधली, तर हीच उष्णता आतल्या आत कोंडते, म्हणून ती नेहमी मोकळी सोडावी. अर्धा तास चालून झाल्यावर, स्विच बंद करून मी प्लगला हात लावून पाहिला, तेव्हा तो जेमतेम कोमट होता. तो चटका बसण्याइतका तापत असेल, तर सॉकेटमधली पकड सैल झाली आहे असे समजून वायरमनला बोलवावे.

16 अँपिअरचा प्लग लहान सॉकेटात बसवून देणारे कन्व्हर्टर दुकानात सर्रास मिळतात. ते या बोर्डाबरोबर कधीही वापरू नयेत, कारण मग सगळा भार 6 अँपिअरच्या सॉकेटवर आणि त्यामागच्या बारीक वायरीवर पडतो. अर्थिंगबाबतही तडजोड नको, कारण यंत्राचा सांगाडा लोखंडी असतो आणि आपण तो घामेजल्या हाताने धरतो.

उणिवा दोन आहेत. वायर जाड असल्यामुळे ती जमिनीवर सपाट बसत नाही आणि चटईखाली दडवण्याचा मोह होतो. पण चढ कमी-जास्त होणाऱ्या ट्रेडमिलमध्ये सांगाडा खाली येताना अशी वायर चिरडू शकते, म्हणून ती भिंतीच्या कडेनेच न्यावी. दुसरी उणीव मला जास्त खटकते: पेटीच्या मागे खिळ्यावर अडकवण्यासाठी खाचा नाहीत, त्यामुळे ती फरशीवरच राहते आणि पुसण्याचे पाणी तिथपर्यंत पोहोचते.

अनेक ट्रेडमिलच्या माहितीपुस्तिकांत प्लग थेट भिंतीतल्या पॉइंटला लावायला सांगितलेले असते, आणि स्वतःच्या घरात स्वतंत्र पॉइंट काढून घेणे हेच योग्य. भाड्याच्या घरात भिंत फोडता येत नसेल आणि यंत्राच्या पुस्तिकेत एक्स्टेन्शनला मनाई नसेल, तर हा बोर्ड जरूर घ्यावा. मात्र तीन मीटर अपुरे पडत असतील, तर दुसरा बोर्ड जोडण्याऐवजी ट्रेडमिलच पॉइंटजवळ सरकवावी.