ड्रायसूट घेतला, आता शिसं कुठं लावायचं? पट्टा, हार्नेस, खिसे आणि घोटे

मालवणला स्कूबा डायव्हिंगमध्ये 3 मिमीच्या वेटसूटवर बुडण्यासाठी 4 किलो शिसं लावून मजेत फिरलेला माणूस इंग्लंडात स्टोनी कोव्हच्या काठावर उभा राहतो आणि इन्स्ट्रक्टर त्याला ड्रायसूट (आत पाणी न येणारा सूट) घालून हातात 12 किलो शिसं ठेवतो. माझ्या एका मित्राचं परवा हेच झालं, रात्री फोन, "अरे एवढं घेऊन मी बुडेन ना!" म्हटलं बुडायलाच तर चाललायस. पण त्याचा पुढचा प्रश्न खरा होता, की आता स्वतःचं सामान घ्यायचंय तर पट्टा घेऊ की हार्नेस की बीसीडीच्या (हवा भरून तरंगणं सांभाळायच्या जाकिटाच्या) खिशात टाकू, आणि ते घोट्याला बांधायचं असतं ते लागतंच का. त्याला जे सांगितलं तेच इथे नीट लिहितोय.

आधी किती हे ठरवा, कारण आकडा चुकला असेल तर जागा बदलून काही होत नाही. ड्रायसूटमध्ये खरा तरंगतो तो आतला अंडरसूट (खालून घालायचा गरम कपडा), त्यात अडकलेली हवा. एक लिटर हवा म्हणजे साधारण एक किलो उचल, एवढं लक्षात ठेवलं की बाकी हिशोब आपोआप जमतो. पातळ फ्लीस घातलात की जाड थिन्सुलेट, यानेच दोन-तीन किलोचा फरक सहज पडतो, म्हणून उन्हाळ्यातला आकडा जानेवारीत चालत नाही. स्टोनी कोव्ह ही पाण्याने भरलेली जुनी ग्रॅनाइटची खाण, म्हणजे पाणी गोडं. खारं पाणी जास्त उचलतं, म्हणून तुम्ही आणि सामान मिळून 110 किलो असाल तर समुद्रात जाताना अडीच-पावणेतीन किलो आणखी लागतं. आणि सिलेंडर! मालवणकडे बहुतेक अल्युमिनियमचे, ते रिकामे होत आले की स्वतःच वर यायला बघतात. इंग्लंडातला स्टीलचा 12 लिटरचा तसं करत नाही, तिथे दोन-एक किलो वाचतात.

तपासायचं डाइव्हच्या शेवटी. सिलेंडरमध्ये 50 बार दाब उरलेला, खोली 3 ते 5 मीटर, बीसीडी रिकामं, सूटमधली हवा सोडणारा डाव्या दंडावरचा व्हॉल्व्ह पूर्ण उघडा, सूटमध्ये अंग आवळणार नाही आणि थंडी वाजणार नाही एवढीच हवा. तिथे शांत थांबता आलं तर आकडा बरोबर. सुरुवातीलाच तपासायचं असेल तर भरलेल्या सिलेंडरमधली जी हवा तुम्ही वापरणार आहात तिचं वजनच अडीच किलोच्या वर आहे, ते धरा. आणि कृपया "राहू दे दोन किलो जास्त" असं करू नका, जास्तीच्या प्रत्येक किलोला एक लिटर हवा कुठेतरी भरावी लागते आणि 10 मीटरवरचे ते 4 लिटर वर येताना 8 होतात, आणि ते सूटमध्ये पायाकडे पळाले की मग काय होतं ते खाली सांगतो.

आता पट्टा. स्वस्त, कुठेही भाड्याने मिळतो, एका हाताने सोडता येतो. 6-7 किलोपर्यंत माझी काही तक्रार नाही. त्याच्या पुढे कंबर बोलायला लागते, आणि खाली गेल्यावर अंडरसूट दबतो, पट्टा सैल होतो आणि घसरतो. ड्रायसूटमध्ये अख्खं 12 किलो एका पट्ट्यावर असताना तो सुटला तर तुम्ही बुचासारखे वर जाणार, थांबवायला काही नाही. रबराचा पट्टा घेतलात तर घसरणं बरंच कमी होतं. बीसीडीला मांड्यांमधून जाणारा पट्टा असेल तर शिशाचा पट्टा त्याच्या वरून बांधा, नाहीतर सोडायची वेळ आली की तो तिथेच लटकून राहील.

हार्नेस म्हणजे खांद्यावर पट्टे आणि दोन्ही बाजूला शिशाचे खिसे, डीयूआय कंपनीचं वेट अँड ट्रिम हे त्यातलं माहितीतलं नाव. वजन खांद्यावर येतं, घसरत नाही, खिसे थोडे वर-खाली करता येतात, आणि एका बाजूचा खिसा ओढून फक्त अर्धं शिसं टाकता येतं, हे मला सगळ्यात पटतं. त्रास एकच, घालणं-काढणं. आधी हार्नेस मग बीसीडी, सगळे तयार असतात आणि आपण अजून पट्टेच सोडवत असतो. पाठ दुखणाऱ्यांनी मात्र फार विचार न करता हेच घ्यावं.

बीसीडीचे खिसे काठावर सगळ्यात सोपे वाटतात पण ड्रायसूटसाठी त्यात एक गोम आहे. पाण्यात कधी बीसीडी काढायची वेळ आली, जाळ्यात अडकलात वगैरे, तर शिसं तिकडे आणि हवा तुमच्या अंगावर: ते खाली ओढणार, तुम्ही वर. शिवाय खिसा नीट क्लिक झाला नाही तर वाटेत पडतो, मी पडलेला पाहिलाय, सुदैवाने 6 मीटरवर. आणि सिलेंडर धरून ते धूड कारपासून पाण्यापर्यंत कोण नेणार. म्हणून खिशात थोडं, सगळं नाही.

पाठीवर टाकायचं असेल तर स्टीलची बॅकप्लेट (सिलेंडर आणि पाठीच्या मधली पाटी, अडीच-तीन किलो तिचेच) किंवा सिलेंडरच्या पट्ट्यावरचे छोटे खिसे. पाय खाली लोंबत असतील तर सिलेंडरच्या वरच्या भागाला 1 किलो लावून बघा, फरक लगेच कळतो. जास्त टाकलंत तर कासवासारखे उलटे व्हाल. हे शिसं पाण्यात टाकता येत नाही, हेही धरून चाला.

घोट्याची वजनं. एका पायाला अर्धा ते एक किलो. नवीन माणसाला लगेच ती सुचवतात कारण पाय वर जायची भीती असते, आणि भीती खोटी नाही, माझे एकदा गेलेत. बूट एक नंबर मोठे घेतले होते, हवा तिथे साठली, डोकं खाली, आणि व्हॉल्व्ह दंडावर असल्याने हवा निघेना. गुडघे पोटाशी घेऊन कोलांटी मारली तेव्हा सुटलो. पण इलाज बूट बदलणं हाच होता. पोटऱ्यांना गेटर्स (सूट आवळून धरणाऱ्या पट्ट्या) लावा, जड रबरी फिन्स घालून बघा, मुळात शिसं कमी करा म्हणजे सूटमध्ये फिरायला हवाच उरणार नाही. घोट्यावरचं वजन प्रत्येक किकला उचलावं लागतं, आणि पाय जड झाले की तळाचा गाळ उडतो, मागून येणारे शिव्या घालतात. शेवटचा उपाय म्हणून ठीक.

वर्षातून एकदा आइसलंडला सिल्फ्रा ही पाण्याने भरलेली भेग बघायला जाणार असाल तर यातलं काही विकत घेऊ नका, तिथे सूट, शिसं सगळं देतात आणि गाइड लावून देतात.

मित्राला मी असं सांगितलं: गोड्या पाण्यात, जाड अंडरसूट, स्टील सिलेंडर, तपासल्यावर त्याचे 11 किलो निघाले. त्यातले 3 बॅकप्लेटचे, 6 हार्नेसच्या दोन खिशात, 2 बीसीडीच्या खिशात, घोटे रिकामे. पाच मीटरवर किक बंद करून तरंग, पाय खाली गेले तर हार्नेसचे खिसे दोन बोटं वर घे, वर गेले तर खाली. आणि दर वेळी लॉगबुकात अंडरसूट, सिलेंडर, पाणी गोडं की खारं आणि किलो, हे चार शब्द लिही. पुढच्या महिन्यात तो फार्न आयलंड्सला समुद्रात सील बघायला चाललाय, म्हणजे खाऱ्या पाण्यासाठी 11 चे साडेतेरा करावे लागतील, आणि वाढीव अडीच कुठे टाकायचे यावर आमचं अजून एकमत नाही. त्याला पट्ट्यावर हवेत, मी म्हणतो हार्नेसमध्येच घाल.